कपाटातलं क्लॅरिनेट

अंकुश गजभिये क्लॅरिनेट वाजवतो, हे त्याच्या सक्करदऱ्यातल्या इमारतीत कोणाला माहीत नाही. हे त्याच्या रियाजाचं यश.

दोन खोल्या, पातळ भिंती आणि खालच्या मजल्यावर इंदूबाई. तो राहायला आला त्याच आठवड्यात त्यांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. तेव्हापासून अंकुश लोखंडी कपाट उघडतो, क्लॅरिनेटचं तोंड रजयांमध्ये खुपसतो, कोपरं बरगड्यांना चिकटवतो आणि वाजवतो. बायको भावना म्हणते, "लय गोड वाजवता जी. मले सैपाकघरात ऐकूच येत नाही."

यंदा अंकुशच्या बँडचे मालक भैय्याजी वरातीत पुढे चालणारा क्लॅरिनेटवाला निवडणार होते. त्याचा सूर ढोलांवरून मागे घोडीपर्यंत पोचावा लागतो. अंकुशची सारी हयात तिसऱ्या ओळीत गेली होती. तिथे माणूस वाजवतो की नुसते गाल फुगवतो, हे त्यालाच ठाऊक. एकदा तरी पुढे चालायचं होतं.

भैय्याजींची परीक्षा साधी. मैदानाच्या पार टोकाला चहाच्या टपरीवर ते पाठ करून बसतात. इकडे ढोल सुरू असताना वाजवायचं. ते वळले, की पास.

बँडमधल्याच सुमंतने वाजवलं, भैय्याजी कप घेऊनच वळले. अंकुशने वाजवलं, भैय्याजींनी चहा संपवला. अंकुशने आणखी जोर लावला, गळा आवळला, सूर चिरकला. तेव्हा मात्र ते वळले, आणि चालत आले.

"काहून एवढा जीव काढून राहिला गा? गालानं नाही, पोटातून फुंक. गळा मोकळा सोड. अन् त्या चहावाल्याले वाजवून दाखव, सोताच्या चपलांले नको."

अंकुशने मान वर केली. श्वास पोटातून आला आणि एक सूर खरोखरच सुटला, ढोलांवरून थेट टपरीपर्यंत. चहावाल्याने चमकून पाहिलं.

अंकुश थांबला. खालून झाडूचा दांडा वाजतो का म्हणून खाली बघत कानोसा घेऊ लागला. मैदानात.

भैय्याजी म्हणाले, "हॉलमधल्या जेवणाले वाजवाले तू जात जा गा. तिथं लोकाले बोलता आलं पाहिजे."

आता त्याला बरीच बोलावणी असतात. परवा रामदासपेठेतल्या स्वागत समारंभात एका बाईंनी पुरणपोळी मोडता मोडता विचारलं, "स्पीकर कुठे लपवलाय हो?" अंकुश त्यांच्या मागेच उभा होता. वाजवत.