नरक्याची साल

कोल्हापूरला निघालो तेव्हा जालन्यातल्या ज्याने त्याने मला अंबाबाईचं कुंकू आणायला सांगितलं. मी सगळ्यांना हो म्हणत गेलो. देवीकडे माझं काही काम नव्हतं. माझं काम राधानगरीच्या जंगलातल्या एका झाडाशी होतं, आणि त्याचं नाव घेतलं असतं तर मोंढ्यातले (आमच्याकडची बाजारपेठ) निम्मे व्यापारी माझ्या आधी तिथे पोचले असते.

माझा धंदा काष्ठौषधींचा. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, अर्जुनाची साल. रस्त्याकडेला एक पोतं पसरून सुरुवात केली आणि दुकान बांधलं. शाळा फार झाली नाही, पण माल नाकाने आणि दाताने ओळखतो. भाव करण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही, हे जालन्यात कुणालाही विचारावं.

सुमनला, माझ्या बायकोला, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. मुंबईला नेलं. तिथे विजेचा शेक दिला, अंग भाजून निघालं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाला, "आता घरी न्या." मी विचारलं, बाहेरचं काही औषध? दुसरा कुणी मोठा डॉक्टर? लागेल ते देतो. तो "नाही" म्हणाला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. दुकानात कुत्रं शिरलं तरी मी त्याच्याकडे दोनदा बघतो. तो राग घेऊनच मी तिला गाडीत बसवलं. तो अजून उतरलेला नाही.

मग एके दिवशी पुड्या बांधायच्या रद्दीत रविवारची एक पुरवणी हाती लागली. शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या एका झाडात कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य शोधलं आहे, झाड राधानगरीकडे भरपूर आहे, तिथले लोक त्याला नरक्या म्हणतात, असं छापलं होतं. खाली कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांचं नाव. मी उभ्याउभ्या तीनदा वाचलं. सह्याद्रीतली साल, आणि मी साली विकणारा माणूस! जिथे माल पिकतो तिथे स्वतः गेलं की मधले सगळे गळतात, हे माझ्या धंद्याचं पहिलं सूत्र. सुमनला सांगितलं, "औषध घेऊन येतो." लग्न झालेली मुलगी तिच्या उशाशी होतीच. मी एसटी पकडली.

पुण्याहून पुढचा रस्ता हिरवा होत जातो. कराड मागे पडलं की दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. आमच्याकडे पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं, इथे ते पाटातून आळसावल्यासारखं वाहत होतं. कोल्हापूर जवळ आलं तसा गुऱ्हाळांचा गोड धूर खिडकीतून आत आला. दुसरी वेळ असती तर मी गुळाचा भाव विचारला असता.

शहरात उतरलो तर एका चौकात म्हशी उभ्या, आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून तोच फेसाळ पेला हातात. तिथल्या लोकांना त्यात नवल वाटत नाही. मी सवयीने भाव पाडायला लागलो.

गवळी धार न थांबवता म्हणाला, "पावणं, दूध पिताय का म्हस इकत घेताय?"

कट्ट्यावरची माणसं मोठ्याने हसली. एक पैलवानी अंगाचा म्हातारा म्हणाला, "अरं, दे की त्येला. लांबनं आलेलं दिसतंय, तोंड बघ कसं सुकलंय." कोल्हापूरचं बोलणं असं. आधी टपली, मग पेला. इथे आलेला प्रत्येकजण पावणं (पाहुणा). दूध कोमट, दाट, गोड होतं. बऱ्याच दिवसांत मी पोटभर काही घेतलं नव्हतं.

प्राध्यापक कॉलेजात भेटले. चाळिशीचे, किडकिडीत, टेबलावर वाळलेली पानं चिकटवलेले कागद. मी पुरवणी पुढे ठेवली आणि येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"शेठ, हे औषध नाही," ते म्हणाले. "हे औषध होऊ शकेल असं द्रव्य आहे. सालीत ते किंचित असतं, पाण्यात नीट उतरतही नाही. परदेशात त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देऊन रोग्यांना टोचून पाहिलं. काहींच्या गाठी थोड्या लहान झाल्या."

"झाल्या ना?"

"पण लघवीतून रक्त जायला लागलं. जुलाब थांबेनात. तोंडं सोलून निघाली. त्यांनी ते थांबवलं. पुढे कुणी त्याला सुधारून घेईल. दहा वर्षं, पंधरा वर्षं."

"मला पंधरा वर्षांचा वायदा नको. आज काय आहे ते बोला."

"आज काही नाही."

आता माझी चूक सांगतो. भर बाजारात जो माणूस मालाला नावं ठेवतो तो एक तर घेणारा असतो, नाही तर भाव वाढवणारा. गाठी लहान झाल्या हे शब्द त्यांच्या तोंडून निघालेले मी ऐकले होते. पुढचं सगळं मला धंद्याचं बोलणं वाटलं. मी म्हटलं, "तुमच्या प्रयोगशाळेला काय हवं ते सांगा. पंखा, कपाट, काहीही." ते उठून उभे राहिले. "तुमच्या मंडळींना वेदना कमी होतील असं औषध मिळतं, ते द्या. त्यांच्याजवळ बसा. जंगलात जाऊ नका." मी त्यांना नको ते बोललो आणि दार आपटून निघालो. खाली येताना मनात हिशेब पक्का होता: एवढं अडवतोय, म्हणजे माल चांगला आहे.

राधानगरीची एसटी भोगावतीच्या काठाने जाते. भाताची कापणी चालू होती, बायका कमरेत वाकलेल्या, बांधावर पोरं. पुढे डोंगर जवळ आले, हवा गार झाली आणि एका वळणावर धरण दिसलं. एवढं स्थिर पाणी मी पाहिलं नव्हतं. डोंगर त्यात उलटे उभे होते. शेजारच्या बाईने नमस्कार केला, म्हणून मीही केला.

गावात चौकशी केली तेव्हा वरच्या धनगरवाड्यावर जायला सांगितलं. धनगरवाडा म्हणजे जंगलाच्या कडेला चार-सहा गवती घरं, म्हशी आणि कुडाची कुंपणं. तिथे बिरू नावाचा माणूस अंगणात दोर वळत बसला होता. त्याच्या बायकोने नाचणीची भाकरी आणि दह्याचा वाडगा पुढे ठेवला. खाल्ल्यावर मी नरक्याचं विचारलं.

"नरक्या?" बिरू दोर टाकून बघायलाच लागला. "कशापायी? त्यो तोडला तर नरकागत वास येतोय. चुलीत घातला तर घरातनं पळावं लागतंय. म्हस तोंड लावत न्हाय त्येला."

"मला साल पाहिजे. पोतंभर. भाव सांग."

"ज्येला आजवर गिऱ्हाईकच न्हाय, त्येचा भाव काय सांगू?" मग जरा विचार करून त्याने एक आकडा सांगितला. मी तो अर्ध्यावर आणला. तो चढला, मी उतरलो. मी उठून निघाल्याचं नाटक केलं, त्याने मला दहा पावलं जाऊ दिलं. "या माघारी, पावणं, वाट चुकतासा," असं ओरडला. त्याची बायको आत हसत होती. खरं सांगायचं तर त्या संबंध प्रवासात तेवढ्या एकाच वेळी मला बरं वाटलं. शेवटी माझ्या आकड्यावर सौदा ठरला.

झाड फार मोठं नव्हतं. कोयत्याचा पहिला घाव बसला आणि वास आला. कुजलेलं, गोडसर, घशात बसणारं काहीतरी. हा वास मला ओळखीचा होता. सुमनच्या खोलीत तो असतो. मी तोंड फिरवलं. बिरू नाकाला फडकं बांधून खालपासून फांदीपर्यंत साल सोलत गेला. झाड पांढरं, ओलं उभं राहिलं.

पोतं भरल्यावर त्याने विचारलं, "पन करतासा काय ह्येचं?"

"घरात आजारी आहेत. त्यांना द्यायचंय."

त्याचा हात थांबला. "प्यायला?"

"हो."

"मग पैसं नगोत."

"का? ठरलंय ना आपलं?"

"आदी सांगायचं की! माणसाच्या पोटात जानार हाय व्हय? मला वाटलं कातडं कमवायला न्हेतासा. उद्या काय बरंवाईट झालं तर म्या त्येचं पैसं खाल्लेलं असायचं. नगं बाबा. न्या तसंच." मी नोटा त्याच्या ओट्यावर ठेवल्या, त्याने त्या माझ्या खिशात कोंबल्या. माझ्या आयुष्यात मला कुणी माल फुकट दिला नव्हता. पोतं खांद्यावर घेऊन मी उतार उतरलो.

आमच्या धंद्यात नियम आहे, आपल्या जिभेवर टेकवल्याशिवाय माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. राधानगरीत एका खानावळीच्या वरची खोली घेतली. खानावळवालीकडून भांडं मागून साल उकळली, दाट काढा केला आणि पेलाभर प्यालो. खानावळवाली जिन्याखालून ओरडत होती, "आवं पावणं, काय मेलंय काय वर?"

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. मी मनात प्राध्यापकाला हसलो. मग पोटात पीळ पडला. ते वर्णन इथे करत नाही. उलट्या, जुलाब, आतडी पिळून बाहेर येतील असं वाटलं. सकाळी मला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येईना. खानावळवाली तोंडाने शिव्या देत होती आणि हाताने भाताची पेज पाजत होती. "काय खाल्लंत? इख खाल्लंत काय?"

मी पोती उचललेला माणूस आहे. एका पेल्याने मला आडवं केलं. सुमनला कूस बदलायलाही मुलीचा हात लागतो. छताकडे बघत पडलो असताना प्राध्यापकांचा शब्द न् शब्द आठवला, आणि या वेळी ते मला धंद्याचं बोलणं वाटलं नाही.

परत जाताना कोल्हापुरात त्यांच्याकडे गेलो. माफी मागायला नाही, भांडायला. "छापायला सांगितलं कशाला?" मी दारातूनच ओरडलो. "माझ्यासारखे किती जण आले असतील?"

"बरेच," ते म्हणाले. "मी पेपरवाल्यांना पुढचंही सगळं सांगितलं होतं. जागा कमी पडली म्हणून त्यांनी तेवढं गाळलं." माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची ओढली, पाणी दिलं. मग त्यांची नजर पोत्याकडे गेली. आतली साल काढून त्यांनी ती खिडकीपाशी धरली, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला सहन झाली नाही. "किती उंचीवर होतं? फळं होती का?" मग एकदम थांबून, "सबंध झाड सोललंत? मग ते मेलं शेठ."

मी पोतं ओढून घेतलं. का घेतलं, सांगता येत नाही. विकत घेतलेला असो वा फुकट मिळालेला, माल टाकून यायची सवय नाही.

परतीच्या एसटीत त्या वासावरून कंडक्टरशी भांडण झालं आणि पोतं टपावर गेलं. पुन्हा तोच ऊस, तेच पाट, तोच गुळाचा धूर. माणसं हसत होती, खात होती, पोरांना खिडकीतून काय काय दाखवत होती. मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. पोतं अंगणात ठेवून आत गेलो. सुमन जागीच होती.

"मिळालं?" तिने विचारलं.

"मिळालं. पण कामाचं नाही." मी खाटेवर बसलो आणि सगळं सांगितलं. प्राध्यापक काय म्हणाले ते, मी प्यालो ते, खोलीत पडून होतो ते.

"तुम्ही पेलाभर प्यालात," ती म्हणाली. "मला अर्धा द्या."

"अगं, नाही."

"बरं, अर्धा नको. पाव."

"नाही म्हणतोय ना मी."

"दुधात घालून. एक दिवसाआड."

सबंध संसारात तिने भाजीवालीशीसुद्धा घासाघीस केली नाही. तिच्याही घरी पोरं आहेत, म्हणायची, आणि मी चिडायचो. आज ती माझ्याशी करत होती. एकेक पायरी खाली येत होती, मध्ये थांबून माझा चेहरा वाचत होती. आवाज चढवत नव्हती. मलाही याहून चांगलं जमलं नसतं.

"चमचाभर," ती म्हणाली. "चमच्याने काय होतंय हो?"

मी उठून बाहेर गेलो आणि पोतं अंगणात पेटवलं. साल ओली होती, नीट जळेना, नुसता धूर. शेजारचे दारं लावून घ्यायला लागले.

लोक म्हणतात विज्ञान पुढे चाललंय. चाललं असेल. उद्या कुणाची तरी बायको त्या झाडावर बरी होईलही, आणि तो माणूस पेढे वाटेल. मला त्याच्याशी बोलायचं नाही. मी राधानगरी पाहिली, ते पाणी पाहिलं, चांगली माणसं भेटली, आणि तिकडे परत जायची माझी इच्छा नाही.

सुमन त्यानंतर फार दिवस राहिली नाही. साल मी जाळली यावर तिने शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. मी दुकानात गेलो की ती मुलीला जवळ बोलावून हळूच विचारायची, "त्यांनी कुठे ठेवलंय, बघितलंस का गं?"