निळी जीभ

काय हात होता केकवाल्या काकूंचा! क्रीमच्या पिशवीतून गुलाब असा उमलायचा की बघणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. गावातली निम्मी पोरं त्यांच्या केकवरच्या मेणबत्त्या फुंकत मोठी झाली. त्या काकू आज भरदुपारी दुकानामागच्या आरशासमोर उभ्या होत्या आणि जीभ बाहेर काढून बघत होत्या.

त्यांची जीभ निळी झाली होती.

सकाळपासून त्या निळ्या क्रीमचा केक सजवत होत्या, हे खरं. पण गोडाचा कणसुद्धा तोंडात घातला नव्हता. कसा घालतील? महिन्यापूर्वीच डॉक्टर म्हणाले होते, "डावा डोळा अधू झालाच आहे. रक्तातली साखर अशीच राहिली तर उजवाही जाईल." तेव्हापासून काकू वजनकाट्यावर तोलून जेवत. पोटात कावळे ओरडले तरी पाण्यावर भागवत. साखर काही उतरेना. त्यांनी तपासणीच्या यंत्राला नावं ठेवली, नवरा चोरून चहात साखर घालतो या संशयानं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

"वन्सं, जरा आत या."

गल्ल्यावरची नणंद आत आली. "जीभ कुणाला दाखवताय, वहिनी? मी काय डॉक्टर आहे?"

"मी क्रीम खाल्लं का?"

"खाल्लं कुठे, चाटलंत. पिशवीच्या टोकाला राहिलेलं बोटानं पुसायचं आणि बोट तोंडात. तीस वर्षं बघतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, चव बघताय. केकच्या बाबतीत तुम्हाला शिकवणारी मी कोण?"

काकूंनी आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं. भुकेशी त्या भांडत होत्या. ती ओळखीची होती. हा चोर मात्र त्यांच्याच खांद्याला लागून राहत होता.

त्यांनी तोंडावर पांढरा रुमाल घट्ट बांधला आणि हातावर नजर ठेवून काम सुरू केलं. हात शहाण्यासारखा वागला. मग एक पाकळी बसेना. काकू तिच्यात गुंतल्या, ती बसली, आणखी चार बसल्या. समाधानानं त्यांनी रुमाल सोडला.

रुमालावर ओठांच्या जागी निळे डाग होते. एकावर एक, कितीतरी. त्यांना एकही आठवत नव्हता.

त्यांनी पिशवी नणंदेच्या हातात दिली. "उरलेले गुलाब तुम्ही काढा."

"माझे कोबीचे गड्डे होतात, वहिनी."

"होऊ देत. ते बघायला मला डोळा उरू दे."

काकू गल्ल्यावर जाऊन बसल्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, तरी हात बाहेर काढायची त्यांची हिंमत होईना.