मामाच्या पिकअपची उजवी सीट

मामा गाडी चालवताना झोपला नव्हता. मी खोटं बोलले होते.

एवढं टाइप करायला मला सत्तावीस वर्षं लागली.

काल सकाळी सोनईला माझा दत्तूमामा गेला. आईचा धाकटा भाऊ, गॅरेजवाला. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

ज्यांनी मामाला पाहिलं नाही, त्यांनी निदान त्याची गाडी पाहिली असेल. हिरवी, जुनी अमेरिकन पिकअप. कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेली, काम संपल्यावर लिलावात निघालेली. आजोबांनी, म्हणजे मामाच्या वडिलांनी, ती घेतली आणि मामाने जन्मभर जपली.

मागच्या चाकांवरचे मडगार्ड हौद्याच्या बाहेर फुगलेले. हौद्याला लाकडी फळ्यांचा तळ. मागच्या फाळक्याला साखळ्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. बॉनेट उघडलं की इंजिनाशेजारी आत उभं राहून काम करता यायचं, एवढी ऐसपैस जागा.

मामा सांगायचा, "आदी तिकडचे शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून हौदा बशवायचे. मंग कंपन्या म्हनल्या, आमीच करून देतो की. शेतकऱ्याच्या डोक्यातली गाडी हाय ही."

फक्त एक गोष्ट होती. स्टिअरिंग डावीकडे.

आपल्याकडे डावीकडून गाडी चालवायची. त्यामुळे पुढे ट्रक किंवा ट्रॅक्टर असला की मामाला पलीकडचं काही दिसायचं नाही. ते उजव्या सीटवर बसलेल्याला दिसायचं. त्याने बघायचं आणि सांगायचं, "निघ" किंवा "थांब". मामाचा नियम कडक होता. दोनदा बघितल्याशिवाय 'निघ' म्हणायचं नाही.

सुट्टीत हे काम माझं असायचं. मी अकरा वर्षांची. काय तो माझा रुबाब.

त्या दुपारी आम्ही सोनईहून नगरला येत होतो. घोडेगाव मागे पडलं आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रेलरवाला. माझ्या मांडीवर बोरं होती. मी त्यातली किडकी निवडून बाहेर टाकत होते.

मामा म्हणाला, "बघ गं."

मी मान वर केली नाही. म्हणाले, "निघ."

मामाने गाडी बाहेर काढली.

समोर बस होती.

मला तिची काच आठवते. काचेमागे ड्रायव्हरचं उघडं तोंड आठवतं. डावीकडे ट्रॅक्टर, समोर बस, आणि मामाची गाडी ब्रेक दाबल्यावर लगेच उभी राहणाऱ्यातली नव्हती.

मामाने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. बसच्या तोंडावरून रस्ता ओलांडून गाडी पलीकडच्या नांगरलेल्या रानात जाऊन थांबली.

मामाचं मनगट मोडलं. मला नुसतं टेंगूळ आलं.

मामा एकच वाक्य बोलला. "लागलं का गं तुला?"

अप्पा, म्हणजे माझे वडील, निरोप मिळाल्यावर तासाभरात तिथे आले. शाळेत मास्तर होते, घरीही मास्तरच. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं? खरं सांग."

मला अप्पांची भयंकर भीती वाटायची. बसपेक्षा जास्त.

मी म्हणाले, "मामाला झोप लागली."

मामाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हेच वाईट. मग तो खाली बघून म्हणाला, "व्हय दाजी. लागला जरा डोळा."

अप्पा त्याच्या गाडीत पुन्हा कधी बसले नाहीत. आम्हालाही बसू दिलं नाही. गोष्ट सगळ्या नात्यात पसरली. लग्नकार्यात मामा कुणाला सोडायला निघाला की लोक हसून म्हणायचे, "नको रे बाबा, झोपशील." मामाही हसायचा.

पुढे त्याने कुणाला विचारणंच सोडलं. उजवी सीट रिकामी राहायला लागली.

आणि उजवी सीट रिकामी म्हणून मामा कुणाला ओव्हरटेक करेना. पुढे उसाचा ट्रॅक्टर असला तर नगरपर्यंत त्याच्या मागे. मागून हॉर्न वाजायचे, पोरं चिडवत पुढे जायची. सोनईत म्हणायचे, दत्तूने अपघाताची हाय खाल्ली.

मला कारण माहीत होतं. मी गप्प बसले. अकराव्या वर्षी गप्प बसले ते समजू शकतं. तिसाव्या वर्षीही गप्प बसले, ते कशात बसवायचं?

गेल्या भाऊबीजेला आई सोनईला गेली, तेव्हा मीही गेले. गॅरेजमध्ये मामाला एकट्याला गाठून म्हणाले, "मामा, मी अप्पांना सगळं सांगते."

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मी हाय तवर नगं. दाजी इथं येत्याल, माज्याफुडं हात जोडत्याल. एवढा मोठा मानूस. मला न्हाई बघवनार ते."

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही खरंच लिहिते. त्या क्षणी मला मामाचं वाईट वाटलं नाही, मी वाचले याचाच आनंद झाला.

काल स्मशानात अप्पा कुणाला तरी सांगत होते, "माणूस देवासारखा, फक्त गाडीच्या बाबतीत बेफिकीर."

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

आत्ता सकाळ आहे. नगरला, सावेडीतल्या आमच्या घरात मी आतल्या खोलीत बसलेय. अप्पा हॉलमध्ये चहा घेतायत. ऐंशीला आलेत, तरी मला त्यांची भीती वाटते. चारदा चुकीचं बटण दाबलं.

ही पोस्ट टाकून मी फोन इथेच ठेवणार आणि हॉलमध्ये जाऊन त्यांच्यासमोर उभी राहणार. त्यांनी इथे वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकायला हवं.

दत्तूमामा, तू उत्तम ड्रायव्हर होतास. बस मी पाहिली नव्हती.

तुला शेवटचा नमस्कार.