राक्षसाचा चहा

“आधी राक्षसाला च्या पाजा, मग पडदा वर,” असं म्हणून आबा पडद्याची दोरी हाताला गुंडाळायचे. चहा झाल्याशिवाय ती सुटत नसे.

आबा चिंचवड गावठाणातले. शेत भावावर सोपवून पिंपरीच्या नव्या कारखान्यात ओझी उचलायला लागलेले. मी तिथेच कारकून. गणपतीत शाळेच्या पटांगणात नाटक व्हायचं, तेव्हा गॅसबत्त्या आणि पडदा त्यांच्याकडे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्यावाचून नाटक उभं राहत नाही आणि जाहिरातीत त्यांचं नाव नसतं. त्यांचा शिरस्ता असा, की खेळाआधी पोरांना रंगाच्या खोलीत रांगेनं आणायचं आणि त्यांच्यादेखत नाटकातल्या दुष्टाला बशीतून चहा पाजायचा.

मी पुण्यात चार नाटकं पाहिली होती, तीही मागच्या बाकावरून. त्यामुळे नाट्यकलेवर बोलण्याचा हक्क मला आपोआप मिळाला होता.

“आबा, यानं रसभंग होतो,” मी सुनावलं.

“आसंल भाऊसाहेब. पर पोरं भ्यायची न्हाईत.”

त्या वर्षी दुष्ट राजा मीच होतो. माझी कुसुम पाच वर्षांची, तिचं हे पहिलं नाटक. आठ दिवस मी तिला शिकवत होतो: मध्ये बोलायचं नाही, झोपायचं नाही, शेवटी टाळ्या वाजवायच्या. राजा कोण, तेवढं मात्र सांगितलं नाही. ती मला ओळखेल, अभिमानानं फुलेल, असा माझा बेत. आबांच्या रांगेत तिला जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या अंकात मी गरजलो, “या पोरीला कड्यावरून लोटून द्या!” पटांगणातून एक किंकाळी आली. काय हा परिणाम, असं वाटून मी तेच वाक्य आणखी वरच्या पट्टीत पुन्हा म्हटलं. तोवर बायको कुसुमला उचलून घरी निघाली होती. आवाज बाबांचा आहे, हे पोरीनं बरोबर ओळखलं होतं.

रविवारी आम्ही बापलेक पवनेच्या घाटावर जायचो. त्या रविवारी ती दाराच्या कडीला धरून राहिली. “तुम्ही लोटाल,” म्हणाली. मी हात पुढे केला, तर आईमागे लपली. नाटक गेलं खड्ड्यात, माझी मुलगी मला भ्यायला लागली होती. तीन दिवस कारखान्यात मी बेरजा चुकत होतो.

चौथ्या दिवशी आबा पिशवी घेऊन आले. आत माझी मिशी आणि पत्र्याचा मुकुट.

“बसा राव हितं,” त्यांनी मला ओट्यावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वाद घातला नाही. त्यांनी डिंकाची वाटी कुसुमपुढे धरली. “तूच लाव गं बाय. त्यो काय करत न्हाई.”

ती लांबूनच, एका बोटानं डिंक लावू लागली. मिशी वाकडी बसली. बायकोनं बशी दिली, मी पहिला घोट घेतला आणि अर्धी मिशी चहात पडली.

“बाबा, मिशी पिऊ नका!” कुसुम ओरडली आणि हसत सुटली.

“बघ,” आबा म्हणाले, “ह्यो कुनाला लोटतोय? ह्येला मिशी सांबाळंना.”

माझ्या अभिनयावर याहून खरा अभिप्राय मला मिळालेला नाही. रविवारी आम्ही घाटावर गेलो. वाटेत तिनं मला तीनदा गरजायला लावलं.

पुढल्या वर्षापासून चहा कुसुमच आणू लागली. राजा नेहमी मीच. दुसऱ्या कुणाची मिशी म्हणे वेळेवर पडत नसे.

ती नऊ वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात आबा तापानं गेले. गणपतीत नाटक ठरलं. रंगाच्या खोलीत कुसुमनं लहान पोरांची रांग लावली, माझ्या हातात बशी दिली आणि म्हणाली, “आधी राक्षसाला च्या पाजा.”

मी घोट घेतला. मिशी त्या दिवशी पक्की बसली होती. पोरं वाट पाहत होती. मी बोटानं ती सोडवली आणि बशीत टाकली. पोरं हसली.

कुसुम हसली नाही. ती दाराबाहेर पाहत होती. चहा झाला होता, आणि पडद्याची दोरी खुंटीला तशीच गुंडाळलेली होती.