वैशालीच्या नावानं गेलेलं माझं पत्र

"हात दाखव," सर म्हनले.

मी दाखवले. नखांपाशी ओरखडे होते. कापूस वेचताना बोंडाचे टोकं लागतेच.

सरनं हात वर्गाले दाखवले. "ह्या बोटांनी ही बाई कॉम्प्युटर चालवणार!"

अख्खा वर्ग हासला. मीबी हासली. काऊन हासली मी? आजबी सोताचाच राग येते.

नव्याण्णव साल. आदिलाबादच्या आमच्या मराठी शाळेत एकच कॉम्प्युटर आलेला. त्याले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. त्याच्यावरून आमचा नववीचा वर्ग कॅनडातल्या एका वर्गासंगं ईमेलनं बोलनार होता! आपल्या घरचं त्यांना सांगाचं, त्यांचं आपन वाचाचं. आमी मराठीत लिहाचं, सर इंग्रजी करनार, टाइप पाच जनंच करनार. पाचही बाजारपेठेतले. जैनथकडच्या खेड्यांतून बसनं येनाऱ्या आमी पोरी मागच्या बाकावर.

तरी मी लिहिलं. दोन पानं भरून! मी आन माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतो, वेचलेला कापूस टाकाले कमरेले ओटी बांधतो, पहाटे दव असताच जातो. सगळं लिहिलं.

सरनं वाचलं. "मजुरी करतो म्हणून परदेशात सांगायचं? देशाची अब्रू आहे की नाही?" पानं ड्रावरात टाकले.

पंधरा दिवसांनी तिकडून उत्तर आलं. सरनं दोनी पत्रं भिंतीवर चिकटवले, आपलं आन त्यांचं. मी इंग्रजीचं एकेक अक्षर लावून वाचलं.

माझंच पत्र! ओटी, दव, माय, सगळं माझं. फकस्त मजुरी गायब. दुसऱ्याचं वावर 'आमचं शेत' झालेलं. आन खाली नाव वैशालीचं. कापसाच्या अडत्याची पोरगी ती, टाइपवाल्या पाचातलीच. कापूस पाह्यला असन तं बापाच्या काट्यावर.

तिकडच्या एमा नावाच्या पोरीनं तिले इचारलं होतं, दव असतानाच काऊन वेचता?

वैशाली कॉम्प्युटरपुढं बसली. सरनं इचारलं, "काय लिहायचं?"

"ओला कापूस जड भरते म्हनून, सर. बाबा म्हनते, मजूर लबाडच असते."

"हां. लिही तसंच."

आता मले बसवेच ना. माह्या मायले चोर ठरवून राह्यले, तेबी माह्याच पत्रात!

"सर, खोटं हाय ते," मी उभी राह्यली. "दुपारी पऱ्हाटीचा पाला वाळून चुरा होते, कापसाले चिकटते. मंग हिचेच बाबा म्हनते, माल कचऱ्याचा. दवात पाला नरम राह्यते. मंग कापूस उन्हात वाळवतो आमी. लबाड कोन?"



सर म्हनले, "बरं झालं सांगितलंस. वैशाली, हे टाइप कर."

म्हनजे हेबी तिच्याच नावानं!

मी पुढं गेली. "वैशाली, सरक." ती सरकली. मी एका बोटानं माह्या नावाचे अक्षरं शोधून राह्यली. दोन सापडले. तिसऱ्याले सरनं मनगट धरलं आन मले बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मायले बोलावलं. सर म्हनले, "पोरीला माफी मागायला सांगा."

माय म्हनली, "पोरगी खोटं बोलली काय?"

"तसं नाही, पण..."

"मंग माफी कायची, गुरुजी?"

मले त्या उपक्रमातून काढलं. एमाले काय उत्तर गेलं, मालूम नाई.

आता बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासात मी दाही बोटानं टाइप करते. धडाधड! इंग्रजी मोडकंतोडकं हाय, पन माझं मीच लिहिते. मजुरीले मजुरीच लिहिते. आन यापुढं कोनी साहेब, कोनी मास्तर म्हनला, तू नुसती सांग, लिहिनार दुसरं कोनी, तं त्याले माह्या तोंडून एक शब्द भेटनार नाई.