माझा कॅनव्हास, आईचं चित्र

त्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला आली होती. जळगावच्या शाळेत तिने तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेलं. बाबा गेल्यानंतरची तिची ही पहिलीच ट्रिप. नवरा आणि मी ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि ही दिवसभर घरात एकटी. बाहेर गुडघाभर बर्फ.

मी तेव्हा तीन वर्षं दर शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या पेंटिंग क्लासला जात होते. नवा मोठा कॅनव्हास महाग, म्हणून जुन्या वस्तूंच्या थ्रिफ्ट स्टोअरमधून कुणाचं तरी टाकून दिलेलं चित्र उचलून आणलं होतं. गडद निळं तळं आणि त्यात चार बदकं. त्यावर पांढऱ्या प्रायमरचे दोन हात दिले, तरी खालच्या बाजूला तळ्याचा निळा पुसटसा दिसतच राहिला. तिसरा हात द्यायचा आणि मग सुरुवात करायची, असं म्हणता म्हणता महिना गेला. खरं म्हणजे त्या कोऱ्या पांढऱ्यासमोर उभं राहिलं की मला काही सुचायचंच नाही.

"हे असं किती दिवस ठेवणारेस?" आईने दोनदा विचारलं.

"करतेय गं."

एका मंगळवारी घरी आले तर माझे ब्रश धुऊन ओळीने वाळत घातलेले, आणि कॅनव्हासवर आमच्या किचनच्या खिडकीतून दिसणारं मागचं अंगण. शेजाऱ्यांचं गराज, कचऱ्याचे दोन डबे, कुंपण आणि बर्फ. बर्फ तिने रंगवलाच नव्हता. माझा प्रायमर तसाच सोडला होता, आणि जिथून तळं डोकावत होतं तिथे कुंपणाची सावली पाडली होती. जी खोट झाकायला मी महिनाभर धडपडत होते, तिच्यावरच हिचं चित्र उभं होतं.

"कंटाळा आला होता गं. चालेल ना?"

"चालेल की," म्हणाले आणि कुकर लावायला वळले. अंगाचा नुसता जळफळाट होत होता.

मुलीने आल्या आल्या, पाठीवरची बॅगही न उतरवता विचारलं, "आजी, कॅन आय हॅव इट फॉर माय रूम?" माझं एकही चित्र तिने कधी मागितलं नव्हतं. नवरा म्हणाला, "आई, तुम्ही कुठे शिकला होतात का?"

"छे हो. फळ्यावर बेडूक काढायचे फक्त."

सगळे हसले. मी म्हणाले, "कॅनव्हास जुना आहे, आई. रंग धरणार नाही, पोपडे निघतील." असं काहीही होणार नव्हतं. आईने कडेला हळूच बोट लावून पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

शनिवारी मी फोनवरचा फोटो क्लासच्या बाईंना दाखवला. त्या अमेरिकन, वयस्कर, आणि कौतुकाच्या बाबतीत अगदी हात राखून. त्यांनी एखादी चूक काढावी एवढीच माझी इच्छा होती. त्यांनी फोटो मोठा करून कितीतरी वेळ पाहिला.

"हा खालचा निळा तसाच ठेवायचं तिला सुचलं कसं?" त्या म्हणाल्या. "आपल्या क्लासच्या प्रदर्शनात लावू या. विचार तिला."

मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी सांगितलं, "ती नको म्हणते. लाजते."

एप्रिलमध्ये प्रदर्शन झालं. माझं ट्युलिप्सचं चित्र दाराशेजारी होतं. आई कोटाखाली रेशमी साडी नेसून आली आणि एकेक चित्र पाहत फिरली. बाईंनी येऊन तिचे दोन्ही हात धरले आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात, मला फार वाईट वाटलं."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "मेबी नेक्स्ट टाइम."

घरी परतताना गाडीत आम्ही दोघीच होतो.

"मी कधी नाही म्हटलं?"

"तू नाही. मीच सांगितलं तसं."

"का?"

मी ड्राइव्ह करत होते, तिच्याकडे बघावं लागत नव्हतं, म्हणूनच बोलू शकले. "हेवा वाटला."

मला वाटलं, ती हसेल, वेडी आहेस म्हणेल. ती म्हणाली, "वाईट केलंस. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझं काही भिंतीवर लावायला मागितलं होतं."

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन करून खरं सांगितलं. प्रदर्शन अजून आठवडाभर होतं. मुलीच्या खोलीतलं चित्र काढून नेलं, ट्युलिप्स उतरवली आणि त्याच जागी ते लावलं. आई बघायला आली नाही. "आता नको," एवढंच म्हणाली. लोक त्यापुढे थांबत होते. मी दोनदा जाऊन, लांब उभी राहून पाहिलं, आणि शरम वाटत असतानाही जळतच होते.

आता ती जळगावात एका क्लासला जाते. दर रविवारी व्हॉट्सॲपवर नवं चित्र पाठवते, खाली लिहिते, "कुठे चुकलंय ते सांग." मी आधी चूकच शोधते. एखादी सापडतेच. ती मी कळवते, आणि पुढच्या चित्रात ती सुधारलेली असते.