एकास नऊ

आमच्या घरात औषधांपेक्षा लेबलं जास्त आहेत. ती मी लावते.

सासऱ्यांच्या गुलाबावर पांढरी कीड पडली. रविवारी फुलांचं प्रदर्शन, आणि कुंडीत बाबांची एकुलती एक कळी! मी यादीत नोंद केली, कडुनिंबाचं औषध आणलं, लिटरभराच्या कॅनमध्ये पाण्यात मिसळलं आणि वर लेबल चिकटवलं : 'एक भाग औषध, नऊ भाग पाणी.' यादीत खूण केली. (खूण केली की काम संपतं, असा माझा समज.)

बाबांची नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात झालेली. छापील सूचना म्हणजे हुकूम! त्यांनी कॅन बादलीत ओतला, वर नऊ कॅन पाणी घातलं आणि शिस्तीत लेबल काढून बादलीवर लावलं. संध्याकाळी ह्यांनी ते वाचलं. त्यातलं मगभर औषध दुसऱ्या बादलीत घेतलं, नऊ मग पाणी घातलं. लेबलही हलवलं!

तीन दिवस फवारणी झाली. कीड टवटवीत दिसू लागली.

"अहो, तुम्ही यात पाणी घातलंत?"

"लेबलवर लिहिलंय ना!"

"अरे, पण मी घातलं होतं!" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हीही? मी मिसळूनच ठेवलं होतं!"

ह्यांनी मोबाइलवर हिशेब केला. "दहात एक, त्याच्या दहात एक, पुन्हा त्याच्या दहात एक. हजारात एक."

"थोडक्यात, किडीला आपण खडकवासल्याचं पाणी पाजतोय," बाबा म्हणाले.

आता या बादलीत आणखी औषध किती घालायचं? ह्यांचं उत्तर एक लिटर. बाबांचं त्याहून जरा जास्त. मी वहीत तीनदा गणित केलं, तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं! शेवटी "राहू द्या, मी बघते" म्हणून मी वाद मिटवला. बाबाही "मी बघतो" म्हणाले. हेही म्हणाले. आणि एकमेकांना न सांगता तिघांनीही बघितलं!

शनिवारी पानं करपली होती. कळीने मान टाकली होती.

बाबांनी चष्मा पुसला. "कीड मेली, सूनबाई. सोबतीला गुलाबही गेला."

रविवारी ते प्रदर्शनाला गेले. रिकाम्या हाताने, दुसऱ्यांचे गुलाब बघायला.

मी लगेच नवं रोप आणलं, नवं औषध आणलं आणि कॅनवर ठळक अक्षरांत लिहिलं : 'पाणी घातलेले आहे.' ते वाचून ह्यांनी खात्रीसाठी तसंच एक लावलं, बाबांनीही लावलं. आज त्या कॅनवर तीन लेबलं आहेत.

पाणी अजून कोणीच घातलेलं नाही. आधी लेबल, मग पाणी, असा माझ्या यादीतला क्रम होता. आणि लेबल लागताच मी खूण करून मोकळी झाले होते!